घराच्या चावीबरोबर विजेचा हक्कही मिळाला पाहिजे

करी रोड स्टेशनच्या पुलावर उभे राहिले की एकेकाळी गिरण्यांच्या चिमण्या दिसत. आज तिथे टॉवर दिसतात. गिरण्या गेल्या, कामगार देशोधडीला लागला आणि आता चाळींचीही पाळी आली आहे. ना. म. जोशी मार्गावरील बी.डी.डी. चाळींच्या ३२ इमारतींतील रहिवाशांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळायचे आहे. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्याचा आनंद आम्हालाही आहे. परंतु नवे घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. त्या घरात रहिवाशाच्या स्वतःच्या नावावर वीज आली काय, हा प्रश्न चावी घेण्याआधीच विचारला पाहिजे.

या भागाचा इतिहासच बोलका आहे. खोपोलीची जलविद्युत १९१५ साली परळपर्यंत आली, ती गिरण्यांची यंत्रे चालविण्यासाठी. यंत्रापर्यंत वीज पोहोचली, मात्र ते यंत्र चालविणाऱ्याच्या खोलीत पुढेही कित्येक वर्षे घासलेटचा दिवाच जळत राहिला. आधी मालकाची सोय आणि उरले तर कामगाराला, हा तेव्हाचा न्याय होता. आज एकाच भूखंडावर विक्रीचा टॉवर आणि पुनर्वसनाची इमारत शेजारी-शेजारी उभी राहते, तेव्हा तोच न्याय पुन्हा लागू होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

शहर विभागात वीजपुरवठा बेस्ट उपक्रमाचा आहे आणि तो जमिनीखालून होतो. खेड्यासारखी खांबावरून तार ओढली आणि दिवा लागला, असे इथे होत नाही. रिसीव्हिंग स्टेशनमधून ११ हजार व्होल्टची केबल रस्त्याखालून सबस्टेशनपर्यंत येते. तिथला ट्रान्सफॉर्मर हा दाब घरगुती वापराइतका उतरवितो. तिथून इमारतीपर्यंत सर्व्हिस केबल, मग मीटरखोली आणि शेवटी ज्याचे त्याचे मीटर. यातील एक कडी तुटली तरी सगळी इमारत अंधारात.

कडी तुटते कुठे? पहिली, सबस्टेशनच्या जागेवर. मोठ्या इमारतीसाठी ही जागा नकाशातच राखून ठेवावी लागते. परंतु तळमजल्याची जागा म्हणजे दुकानाचा भाव. म्हणून खासगी पुनर्विकासात ती देताना चालढकल होते. दुसरी, खोदाईवर. रस्ता खोदायला पालिकेची परवानगी लागते, रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे भरावे लागतात, आणि पावसाळ्यात खोदकाम बंद असते. मे महिन्यात जाग आली तर दिवाळीच उजाडते.

मग बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या कनेक्शनवर रहिवाशांची बोळवण केली जाते. त्याचा दर चढा, नाव विकासकाचे आणि मंजुरी बांधकामापुरती. विकासकाने बिल थकविले की वीज तुटते ती रहिवाशाची. तक्रार करायला जावे तर हातात बिल नाही, ग्राहक क्रमांक नाही. ज्याच्या घरात अंधार आहे तो कागदोपत्री ग्राहकच नसतो!

कायदा काय सांगतो? विद्युत कायदा, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेच्या मालकाने किंवा ताबेदाराने अर्ज केल्यावर एक महिन्याच्या आत वीज देणे हे वितरण परवानाधारकाचे कर्तव्य आहे. ‘ताबेदार’ हा शब्द महत्त्वाचा आहे. केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली दुरुस्ती होऊन महानगरांत ही मुदत तीन दिवसांवर आली. मात्र नवी केबल वा सबस्टेशन लागणार असेल तर मुदत वेगळी असते. म्हणूनच ते काम आधी व्हायला हवे. कसूर झाल्यास दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु २००७ च्या दुरुस्तीने एक मेख मारून ठेवली आहे. अर्ज ‘सर्व बाबतीत पूर्ण’ असेल आणि शुल्क भरलेले असेल, तरच मुदत सुरू होते. एक कागद कमी पडला की घड्याळ थांबले.

म्हणून आमचे रहिवाशांना सांगणे आहे. पुनर्विकासाच्या करारातच सबस्टेशनची जागा, केबलचा खर्च कोणाचा आणि प्रत्येक घराला स्वतंत्र मीटर, ही तीन कलमे लिहून घ्या. बांधकाम चालू असतानाच सोसायटीने अर्जाची पोच आणि शुल्काच्या पावतीची प्रत मागावी. ताबापत्र मिळताच आपल्या नावाने अर्ज करावा. तोंडी नकार ऐकून परत येऊ नये, तो लेखी मागावा. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे.

चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार (१९९६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्याच्या हक्कात विजेचाही समावेश केला. तो खटला दलितांच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीचा होता, हे आपल्या लोकांनी विसरू नये.

आणि हेही विसरू नये की १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबरच विजेचे धोरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाहत होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण तिच्यावाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून गरिबी हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिलेल्या माणसाने देशाच्या विजेचा विचार केला. त्याच परळ-करी रोडच्या चाळकऱ्यांनी आपल्या इमारतीच्या केबलचा विचार दुसऱ्यावर सोपवू नये. चावी घेताना फोटो जरूर काढावा, परंतु त्याआधी मीटर कोणाच्या नावावर आहे, ते पाहून घ्यावे.