संगणकाच्या वहीचे पान केवढे असावे?



वहीचे पान केवढे असावे, हा प्रश्न तुम्हांला क्षुल्लक वाटेल. संगणकाच्या बाबतीत मात्र याच प्रश्नावर कामाचा वेग अवलंबून असतो. तो कसा, ते आज पाहू.

संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालू असतात. आपल्याला मिळालेली स्मृती, म्हणजे मेमरी, सलग आहे असे प्रत्येकाला वाटते. प्रत्यक्षात त्याची माहिती इथेतिथे विखुरलेली असते. हा सलगपणाचा आभास टिकवण्याची व्यवस्था कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, करतो. त्यासाठी स्मृतीचे सारख्या आकाराचे तुकडे पाडलेले असतात. त्यांना ‘पृष्ठे’ म्हणतात. कोणते पृष्ठ खऱ्या स्मृतीत कोठे आहे, याच्या नोंदी एका कोष्टकात असतात. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात सुरू झालेल्या ॲटलस संगणकात अशी पृष्ठे होती. आज इंटेल जातीच्या संगणकांत नेहमीचे पृष्ठ ४,०९६ बाइटांचे, म्हणजे ४ किलोबाइटचे असते.

आता गंमत पाहा. यांतील ६४ बिटी प्रोसेसरांत हे कोष्टक सामान्यतः चार पायऱ्यांचे असते. म्हणजे स्मृतीतील एक बाइट वाचायचा, तर आधी चार नोंदी वाचायच्या! दर वेळी असे करावे लागले, तर काम रखडेल. म्हणून नुकत्याच लागलेल्या नोंदी प्रोसेसर स्वतःजवळ उतरवून ठेवतो. जणू खिशातली चिठ्ठीच. तिला टीएलबी म्हणतात. पत्ता चिठ्ठीत सापडला, की कोष्टक उघडावेच लागत नाही.

पण खिशातली चिठ्ठी ती केवढी असणार? २०१५ साली आलेल्या इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरात तिच्या मोठ्या भागात १,५३६ नोंदी मावतात. प्रत्येक नोंद ४ किलोबाइटची, म्हणजे एकूण ६ मेगाबाइट स्मृती आवाक्यात आली. प्रोग्रॅमची माहिती ८ गिगाबाइट असेल, तर पृष्ठे होतात २०,९७,१५२! चिठ्ठी वारंवार अपुरी पडणार, हे उघड आहे.

मग पानच मोठे केले तर? याच प्रोसेसरांत २ मेगाबाइटचे पृष्ठही वापरता येते. त्यात ५१२ लहान पृष्ठे सामावतात. आता तीच चिठ्ठी ३ गिगाबाइटपर्यंत पुरते. शिवाय कोष्टकाची एक पायरीही वाचते.

तर मग सगळीच पृष्ठे मोठी का करीत नाहीत? इथेच कर्नेलची कसोटी लागते. समजा, एका वऱ्हाडाला रेल्वेचा अख्खा डबा हवा आहे. गाडीत ७२ जागा रिकाम्या आहेत, पण त्या दहा डब्यांत विखुरलेल्या. काय उपयोग? एका डब्यातील प्रवासी दुसरीकडे हलवले, तरच वऱ्हाडाची सोय होईल. मोठ्या पृष्ठालाही असाच सलग मोकळा डबा लागतो. तो मिळावा, म्हणून कर्नेल लहान पृष्ठे उचलून दुसरीकडे ठेवतो. मार्च २०११ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६.३८ या आवृत्तीपासून प्रोग्रॅमने न मागताही कर्नेल त्याला मोठी पृष्ठे देऊ शकतो. मात्र या हलवाहलवीत वेळ जातो, आणि कधीकधी प्रोग्रॅमला ताटकळावे लागते.

दुसरी अडचण नासाडीची. रेडिस नावाचा माहितीसाठा घ्या. माहिती डिस्कवर उतरवताना तो आपली एक जोडप्रक्रिया निर्माण करतो. पृष्ठे दोघांत सामाईक असतात. एखाद्यात बदल झाला, की तेवढ्याच पृष्ठाची नवी प्रत काढली जाते. पृष्ठ लहान असेल, तर एका बाइटाच्या बदलासाठी ४ किलोबाइटची प्रत पुरते. मोठे असेल, तर लिनक्सच्या २०२० पूर्वीच्या आवृत्त्यांत २ मेगाबाइटची काढावी लागे! म्हणूनच आपणहून मोठी पृष्ठे देण्याची सोय बंद ठेवा, असा सल्ला रेडिसचे कर्ते देतात.

तात्पर्य, सर्वांना सोयीचे असे एकच माप नाही. माहिती पुष्कळ आणि सतत लागणारी असेल, तर मोठे पान फायद्याचे. थोडीथोडकी आणि विखुरलेली असेल, तर लहानच बरे.

आता एक गणित तुम्ही करा. एका प्रोग्रॅमला ५ मेगाबाइट स्मृती हवी आहे. ४ किलोबाइटची पृष्ठे किती लागतील? २ मेगाबाइटची किती? दुसऱ्या रीतीत किती जागा वाया जाईल? उत्तर काढा, म्हणजे कर्नेलपुढचा पेच तुमच्या ध्यानात येईल.