रिव्हर्ट केलं, तरी बग तिथेच!

मंडळी, गिटमध्ये सबमॉड्यूल वापरत असाल तर हे जरूर वाचा.

मुख्य रेपोत सबमॉड्यूलचा कोड नसतोच, त्याच्या एका कमिटचा क्रमांक तेवढा असतो. मुख्य रेपोत ‘गिट रिव्हर्ट’ केलं की तो क्रमांक मागे जातो, पण आपल्या मशीनवरचा सबमॉड्यूलचा कोड जागचा हलत नाही. बिल्ड नव्याच कोडचा होतो. त्यात घाईने ‘गिट कमिट -ए’ मारलं की नवा क्रमांक पुन्हा नोंदला जातो, म्हणजे रिव्हर्ट पाण्यात! म्हणून रिव्हर्टनंतर मी लगेच ‘गिट सबमॉड्यूल अपडेट’ चालवतो.

बग सबमॉड्यूलमध्येच असेल तर तिथे रीसेट करून फोर्स पुश नको. मुख्य रेपोचा इतिहास त्या जुन्या कमिटवर टेकलेला असतो. ती गेली तर जुनं रिलीज पुन्हा बिल्ड करता येईलच असं नाही. तिथेही रिव्हर्टच करावं.

आणि क्रम पाळा: आधी सबमॉड्यूल पुश, मग मुख्य रेपो. उलट केलंत तर आपण इकडे झोपलेले असताना पुण्यातला सहकारी सर्व्हरवर नसलेली कमिट शोधत बसतो.