पिल्लू एकटं राहायला कसं शिकतं?

दोन महिन्यांचं पिल्लू घरी येतं, दिवसभर सगळ्यांच्या मांडीवर हुंदडतं आणि रात्री दिवा मालवला की असं विव्हळतं की शेजारीपाजारी जागे होतात. एवढ्याशा जिवात एवढा आवाज येतो कुठून?

उत्तर त्याच्या जन्माच्या पहिल्या दिवसांत आहे. तेव्हा डोळे मिटलेले, कान बंद. थंडीनं कुडकुडणंसुद्धा जमत नाही! ऊब हवी तर आईच्या कुशीत, भावंडांच्या ढिगात शिरायचं. कुणी बाजूला घरंगळलं की ते किंचाळतं आणि आई धावते. गप्प राहिलं असतं तर गारठून मेलं असतं. तुमच्या हॉलमधलं ते रडणं म्हणजे हट्ट नव्हे. असंख्य पिढ्यांचा जीव वाचवत आलेली हाक आहे ती.

मग अशा प्राण्याला एकटं राहायला शिकवणार कोण? पहिला धडा चक्क आईच देते! गल्लीतली कुत्री वाळूच्या ढिगात किंवा जिन्याखाली व्याली की बघा. सुरुवातीला ती पिल्लांपासून फारशी हलत नाही. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की ती जरा जरा वेळ उठून जाते आणि परत येते. तेवढा वेळ पिल्लं त्या खबदाडात एकमेकांवर पडून झोपतात. गेलेली आई येतेच, हे त्यांना कळू लागतं.

आपला क्रेट, म्हणजे पिल्लाचा दार असलेला पिंजरा, हे तसंच खबदाड, फक्त विकत आणलेलं. शिक्षा म्हणून त्यात एकदा जरी कोंडलंत तरी पिल्लाच्या मनात भीती बसू शकते. दार सताड उघडं ठेवा, आत खाऊचे दोन दाणे टाका आणि लांब बसून बघत राहा. आधी नाक आत जातं, मग पुढचे पाय. मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत बाहेरच, त्यामुळे अंग रबरासारखं ताणलेलं! एक दिवस तेही आत येतात. मग जेवण तिथंच. जेवताना दार लावायचं आणि कुरकुर सुरू व्हायच्या आत उघडायचं. आधी काही सेकंद, मग मिनिट, मग पाच.

कुत्र्याच्या तोंडाला अन्नाआधी नुसत्या खुणेनंही पाणी सुटतं, हे रशियाच्या इव्हान पावलोव्ह या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं. तुमच्या किल्ल्यांची खुळखुळ हीसुद्धा खूणच: ‘निघाले हे!’ आता किल्ल्या उचला आणि खुशाल सोफ्यावर बसा. पुन्हा उचला, पुन्हा बसा. हळूहळू त्या आवाजातली धास्तीच निघून जाते. पिल्लू मानसुद्धा वर करत नाही!

शरीराला मात्र शिकवणीची घाई चालत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे शू धरवत नाही. रात्री क्रेट पलंगाशेजारी ठेवा, म्हणजे तुमचा वास आणि श्वास त्याच्याजवळ राहतो, आणि त्याची चुळबुळ तुम्हाला कळते.

‘रडू दे, होईल गप्प,’ असं सांगणारे भेटतीलच. त्यांचं ऐकू नका. गप्प झालेलं पिल्लू निवांत असतंच असं नाही. कधी ते नुसतं हाका मारून दमलेलं असतं. आज दार दहाच सेकंद लावा, आणि ते रडायच्या आत उघडा.