टर्बोचा दाब: किती वाढवावा, कोठे थांबावे

वेगवान मोटार बाळगणाऱ्या, किंवा ती बाळगण्याची हौस असणाऱ्या तरुणांकडून एक प्रश्न वारंवार कानावर येतो. टर्बोजवळचा एक स्क्रू दोन फेरे पिळला की गाडीची ताकद एकदम वाढते, हे खरे काय? आमचे उत्तर असे की, हे बरेचसे खरे आहे. आणि धोका आहे तो त्यामुळेच. ही निव्वळ थाप असती, तर मालकाचे चार पैसे बुडाले असते, एवढेच. पण युक्ती लागू पडते, गाडी खरोखर उसळी घेते, आणि त्या उसळीच्या आनंदात इंजिनाच्या पोटात काय चालले आहे हे कोणाला ऐकू येत नाही. ते ऐकण्याचा थोडा प्रयत्न आपण करू.

‘टर्बो’ हा शब्द हल्ली पंख्यापासून दाढीच्या पात्यापर्यंत कशावरही छापलेला आढळतो, तेव्हा मूळ वस्तू काय हे आधी पाहिले पाहिजे. लोहाराचा भाता सर्वांनी पाहिला आहे. कोळसा तोच, भट्टी तीच. पण वारा जोराने घातला की निखारा पांढरा होतो. मोटारीच्या इंजिनाचेही तसेच. त्यात हवा आणि पेट्रोल जळते. पेट्रोल वाटेल तितके ओतता येते, पण ते जाळायला लागणारी हवा मात्र दट्ट्या खाली जाताना जेवढी ओढून घेईल तेवढीच मिळते. एक भार पेट्रोल पुरते जळायला हवा सुमारे १४.७ भार लागते. म्हणजे इंजिनाची खरी उपासमार हवेची असते. टर्बो हा भाता आहे. फरक इतकाच की तो हलवायला माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारे जळके, तापलेले वायू एक चक्र फिरवतात, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून आत ढकलते. हा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले.

आरंभी या यंत्राचे काम शक्ती ‘वाढवणे’ नसून हरवलेली शक्ती ‘परत मिळवणे’ हे होते. विमान उंच गेले की हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकू लागते. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन चौदा हजार फूट उंचीच्या पाइक्स शिखरावर नेऊन चालविले. समुद्रसपाटीवर सुमारे ३५० घोड्यांचे ते इंजिन वर सुमारे २३० घोड्यांवर आले, आणि टर्बो जोडताच पुन्हा साडेतीनशेच्या पुढे गेले. निसर्गाने जेवढे काढून घेतले तेवढे भरून देण्यात इंजिनावर काही जुलूम नाही. जुलूम सुरू होतो तो त्याच्या पुढे.

आता थोडा हिशेब. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब समुद्रसपाटीवर साधारण एक बार असतो. टायरमध्ये हवा भरताना आपण जे पौंड मोजतो, त्यातले साडेचौदा पौंड म्हणजे एक बार. टर्बोचा काटा ‘एक बार’ दाखवितो तेव्हा तो बाहेरच्या दाबाच्या वरचा दाब असतो, म्हणजे आत एकूण दोन बार. दाब दुप्पट म्हणजे हवा दुप्पट आणि शक्ती दुप्पट, असे कोणीही म्हणेल. पण सायकलचा पंप भराभर मारल्यावर त्याच्या तळाला हात लावून पाहा. हवा दाबली की तापते. ३० अंश उष्णतेची हवा दुप्पट दाबावर नेली, तर कागदावरच्या आदर्श यंत्रातसुद्धा ती ९६ अंशांच्या आसपास जाते, आणि शंभरात सत्तर गुण मिळविणाऱ्या प्रत्यक्षातल्या टर्बोतून ती सुमारे १२५ अंशांवर बाहेर पडते. तापलेली हवा फुगते. म्हणून दाब दुप्पट झाला तरी इंजिनात गेलेली हवा दीडपटच भरते. मध्ये गार करणारी जाळी, म्हणजे इंटरकूलर बसवून तीच हवा ५० अंशांवर आणली, तर ती पावणेदोनपटीच्या वर जाते. दाबाच्या काट्यावर या दोन्ही गाड्या सारख्याच दिसतील. आमच्या मते या विषयातला सर्वांत उपयुक्त धडा हाच आहे: काटा दाब सांगतो, हवा किती गेली आणि किती तापून गेली हे सांगत नाही.

तापलेल्या हवेने शक्ती थोडी कमी मिळाली असती, तर तक्रार नव्हती. खरा प्रश्न पुढे येतो. सिलिंडरमध्ये ठिणगी पडते, तेथून ज्वाला पसरत जाते, आणि ती पोचण्याआधी कोपऱ्यात शिल्लक राहिलेले मिश्रण वाढत्या दाबाने व उष्णतेने आपोआप पेट घेते. भडका उडतो, दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात, आणि बाहेर टकटक असा आवाज येतो. आपले मिस्त्री याला ‘इंजिन नॉक करते’ म्हणतात. हे काही वेळ चालले की दट्ट्याच्या माथ्यावर खड्डे पडतात, कड्यांच्या मधल्या भिंती तुटतात, कधी माथ्याला सरळ भोक पडते. साध्या गाडीत हा आवाज चढावर ऐकू येतो आणि चालक गिअर बदलतो; टर्बोच्या गाडीत पूर्ण वेगाच्या गोंगाटात तो ऐकूच येत नाही.

म्हणून दाबाला लगाम हवा. तो लगाम म्हणजे वेस्टगेट नावाची एक झडप. जळक्या वायूंच्या वाटेवर ती बसविलेली असते. उघडली की वायू चक्राला बगल देऊन निघून जातात आणि चक्राचा वेग आवरतो. झडपेला एक दांडी, दांडीच्या टोकाला डबी, डबीत पडदा आणि कमान. टर्बोतली दाबलेली हवा एका बारीक नळीने पडद्यावर येते. तिने कमानीचा जोर मोडला की झडप उघडते. आता तो प्रसिद्ध ‘स्क्रू’ कळेल. दांडीच्या आट्यावरची नटबोल्टाची जोड फिरवून दांडी आखूड केली, की कमान आधीच ताणली जाते आणि झडप उशिरा उघडते. दुसरी युक्ती अशी की, बारीक नळीला भोक ठेवून थोडी हवा बाहेर सोडायची. पडद्याला खोटी बातमी मिळते की दाब अजून कमी आहे. हल्लीच्या गाड्यांत हीच खोटी बातमी संगणक विजेच्या झडपेकरवी मोजून-मापून देतो. तेथे कोणी आणखी एक चोरटी युक्ती घुसविली, तर संगणकाला अंदाजापेक्षा अधिक दाब दिसतो आणि तो इंधन तोडतो किंवा गाडीची शक्तीच आवरून धरतो.

पण हवा वाढली, तर पेट्रोलही त्या प्रमाणात वाढले पाहिजे. पिचकाऱ्यांची कुवत संपली असेल, तर मिश्रण पातळ होते आणि अधिकच तापते. ठिणगीही थोडी उशिरा पाडावी लागते. नुसता स्क्रू फिरविणारा या दोन्ही गोष्टी विसरतो.

इतिहासात या लगामाचे तीन प्रकार पाहण्याजोगे आहेत. अमेरिकेच्या ओल्ड्‌समोबिल कंपनीने १९६२ साली जेटफायर ही टर्बोची गाडी काढली. दाब अवघा पाच पौंड. पण इंजिनाचे दाबप्रमाण सव्वादहास एक इतके चढे. नॉक टाळण्यासाठी त्यांनी पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात फवारण्याची सोय केली. टाकी रिकामी झाली की दाब आपोआप कमी होत असे. यंत्र हुशार होते, पण भरायचे काम मालकाकडे होते. १९६३ नंतर ती गाडी बंद पडली.

स्वीडनच्या साब कंपनीने हीच अडचण निराळ्या रीतीने सोडविली. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी तिने इंजिनाच्या अंगावर एक ‘कान’ बसविला. नॉकचा पहिला ठोका ऐकू आला की तो वेस्टगेट उघडून दाब उतरवी. इंधन चांगले असेल तर दाब चढू देई. आम्हांला या विषयातली ही सर्वांत शहाणी कल्पना वाटते. कारण तिने ‘दाब किती ठेवावा’ हा प्रश्नच बदलला. दाब हा कायमचा आकडा राहिला नाही. आज टाकीत असलेले पेट्रोल आणि आजची हवा जेवढे सोसतील तेवढा, असे ठरले.

तिसरा प्रकार शर्यतीचा. १९७७ साली रेनॉने दीड लिटरचे टर्बो इंजिन फॉर्म्युला वन शर्यतीत आणले, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांची इंजिने तीन लिटरची होती. वारंवार धूर काढून बंद पडणाऱ्या त्या पिवळ्या गाडीला इंग्रज ‘पिवळी किटली’ म्हणत. १९७९ मध्ये तिने पहिली शर्यत जिंकली आणि थट्टा थांबली. १९८६ पर्यंत पात्रता फेरीत दीड लिटरमधून हजाराच्या वर घोडे काढले जात. ते इंजिन मोजक्या फेऱ्यांपुरतेच जगे. चालकापुढे दाबाची एक खुंटी असे: पुढच्याला गाठायचे तेव्हा वर, पेट्रोल पुरवायचे तेव्हा खाली. १९८७ साली नियामकांनी सर्वांना ठराविक झडप बसविणे भाग पाडले. एकूण दाबाची मर्यादा ४ बार, आणि १९८८ मध्ये २.५ बार. त्या वर्षी होंडाने शंभरात चौऱ्याऐंशी भाग टोल्युइन असलेले इंधन वापरले, कारण ते नॉक सोसते. त्या आवळलेल्या दाबावर मॅक्लॅरेनने सोळांपैकी पंधरा शर्यती जिंकल्या.

आपल्याकडे गाडी बदलताना कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. आणि विमा कंपनीला न कळविलेला बदल अपघातानंतर अडचणीचा ठरतो. बंदिस्त शर्यतपट्ट्यावरच गाडी चालवायची असेल, तर क्रम असा ठेवावा: आधी इंधन आणि गारवा, मग पिचकाऱ्या व ठिणगीची वेळ, आणि दाब सर्वांत शेवटी, थोडा थोडा, नॉक ऐकणारे उपकरण लावून.

एक गोष्ट मात्र स्क्रूआधी पाहावी. ‘दाब कमी मिळतो, वाढवून द्या’ असे म्हणणाऱ्याचा दाब पुष्कळदा आधीच कोठे तरी गळत असतो. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या उष्णतेने भेगाळतात, क्लिपा सैल होतात. मिस्त्रीकडून ती वाट बंद करून थोडा दाब भरून घ्यावा आणि जोडांवर साबणाचे पाणी फिरवावे. जेथे फुगे येतील ती नळी बदलली की मूळचाच दाब परत मिळतो. आणि महाबळेश्वरला गेल्यावर गाडी थोडी मंद वाटली, तर नळीचाही दोष नसतो: तेथे बाहेरच्या हवेचाच दाब समुद्रसपाटीच्या ८६ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि साधी कमानीची झडप बाहेरच्या हवेशी तुलना करूनच उघडते.