समाविष्ट मेकफाइल आणि पूर्वनिर्धारित लक्ष्य

समाविष्ट मेकफाइल म्हणजे मेक या बांधणी साधनाच्या मुख्य मेकफाइलमध्ये 'इन्क्लूड' या निर्देशाने जोडलेली दुसरी संचिका होय. अनेक प्रकल्पांना सामाईक असलेले नियम अशा संचिकेत एकदाच लिहिता येतात. केवळ 'मेक' एवढीच आज्ञा दिल्यास काय बांधले जावे, म्हणजेच पूर्वनिर्धारित लक्ष्य कोणते, हेही या संचिकेवरून ठरू शकते.

पार्श्वभूमी

स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत मेक तयार केले. मेकफाइलमधील नियमात सामान्यतः लक्ष्य, ते ज्यांवर अवलंबून आहे त्या संचिका आणि ते तयार करण्याच्या आज्ञा असतात. आज्ञेत लक्ष्याचे नाव नसल्यास ग्नू मेक हे प्रथम आलेले लक्ष्य निवडते. टिंबाने सुरू होणारी विशेष लक्ष्ये यातून वगळली जातात.

क्रमाचे महत्त्व

'इन्क्लूड' निर्देश आढळताच मेक मूळ संचिकेचे वाचन थांबवते, समाविष्ट संचिका वाचते व मग मूळ संचिकेकडे परतते. त्यामुळे समाविष्ट नियम त्याच जागी लिहिल्यासारखे ठरतात. कंपायलरने निर्माण केलेली अवलंबित्वांची संचिका आरंभीच समाविष्ट केल्यास तिच्यातील पहिले लक्ष्य, उदाहरणार्थ 'मेन.ओ', पूर्वनिर्धारित ठरते. मेक तेवढीच ऑब्जेक्ट संचिका तयार करून त्रुटी न दाखवता थांबते. संपूर्ण आज्ञावली बांधली जात नाही. संचिका नसल्यास ती वगळावी असा निर्देश दिलेला असेल, तर पहिल्या बांधणीत सर्व सुरळीत भासते आणि दोष दुसऱ्या वेळी प्रकटतो.

उपाय

सर्व समावेशांपूर्वी 'ऑल' हे लक्ष्य आज्ञांविना घोषित करणे हा रूढ उपाय आहे. एकाच लक्ष्याची अवलंबित्वे वेगवेगळ्या ठिकाणी लिहिली तरी मेक ती एकत्र करते, म्हणून तपशील नंतर जोडता येतो. ग्नू मेकच्या ३.८१ या आवृत्तीपासून (२००६) 'डॉट डिफॉल्ट गोल' या चलानेही लक्ष्य स्पष्टपणे नेमता येते.

उदाहरणे

लिनक्स कर्नलच्या मुख्य मेकफाइलमध्ये पूर्वनिर्धारित लक्ष्य आरंभीच घोषित केलेले असते. पुढे प्रोसेसरच्या प्रकारानुसार वेगळी मेकफाइल समाविष्ट होते. एक्स८६ साठीची मेकफाइल 'ऑल' या लक्ष्याला 'बीझेडइमेज' हे अवलंबित्व जोडते. फ्रीबीएसडीमध्ये लहान प्रोग्रामच्या मेकफाइलला प्रोग्रामचे नाव आणि 'बीएसडी.प्रॉग.एमके' या संचिकेचा समावेश एवढे पुरते. बांधणी, स्थापना व साफसफाईची लक्ष्ये तेथून मिळतात, तर 'डॉट मेन' हे विशेष लक्ष्य वापरून 'ऑल' पूर्वनिर्धारित केले जाते.