दिवा मालवा, पाहुणे येताहेत!

कोकणातल्या घराला पंचांग लागत नाही. वेळासजवळच्या आमच्या परसात सुरंगीच्या फांदीला कळ्या लगडल्या, की होळी आलीच म्हणून समजावे! मग सकाळी बाणकोटचा किल्ला चढून सावित्री समुद्राला मिळते ते पाहावे, वर घिरट्या घालणारा समुद्रगरुड न्याहाळावा आणि उन्हे कलली की वेळासच्या पुळणीवर जावे.

तिथे तेव्हा कासवांची पिल्ले निघत असतात. दिवाळीनंतरच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरएक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पिल्लांचे तोंडही ती पाहत नाही! सुमारे पन्नास दिवस वाळूच त्यांना उबवते. वाळू अधिक तापली, तर माद्या अधिक निपजतात.

पूर्वी ही अंडी माणसे आणि कुत्री पळवीत. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला आरंभ केला.

पण एक राखण तुमच्याआमच्या हाती आहे. पिल्लू उजेडाकडे धावते. रात्री जमिनीपेक्षा समुद्र उजळ दिसतो, म्हणूनच त्याला वाट सापडते; ओटीवरचा विजेचा दिवा मात्र त्याला चकवतो. तेव्हा वाचकहो, दिवाळीत आकाशकंदील हौसेने लावा. पण कासवांच्या किनाऱ्यावर घर असेल, तर ह्या पाहुण्यांच्या दिवसांत समुद्राकडचा दिवा तेवढा मालवा. घरातला काळोख त्यांना पुरेसा पाहुणचार आहे.