कंपायलरच्या चाचणीत 'फेल' दिसलं? घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका

विंडोज असो वा उबुंटू, ऑपरेटिंग सिस्टीम आपल्याला तयार मिळते. पेन ड्राइव्ह लावायचा, इन्स्टॉल करायचं आणि कामाला लागायचं. पण काही जण मुद्दाम लांबचा रस्ता धरतात. लिनक्सचा सोर्स कोड डाउनलोड करायचा आणि एकेक भाग आपल्याच कॉम्प्युटरवर तयार करत पूर्ण सिस्टीम उभी करायची. 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हे मोफत पुस्तक त्यासाठी जगभर वापरलं जातं. गेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये ते सुरू केलं. यासाठी मोठी लॅब लागत नाही. मूल, सिंदेवाही किंवा गडचिरोलीतला विद्यार्थीही साध्या लॅपटॉपवर हे करू शकतो.

या वाटेवर बरेच जण एकाच ठिकाणी अडखळतात. कंपायलर तयार होतो, चाचण्या सुरू होतात आणि काही तासांनी स्क्रीनवर 'फेल' दिसतं. कुणी वैतागून सगळं पुसून टाकतं, कुणी डोळे मिटून पुढे जातं. दोन्ही महागात पडू शकतं. मग करायचं काय? समजून घेऊया.

कंपायलर नेमकं काय करतो?

मूल परिसर धानाचा. शेतातून आलेलं धान थेट शिजवता येत नाही, ते राईस मिलमधून काढावं लागतं. सोर्स कोडचंही तसंच. माणसाने लिहिलेला कोड प्रोसेसरला थेट कळत नाही. त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारी मिल म्हणजे कंपायलर.

लिनक्समध्ये हे काम प्रामुख्याने जीसीसी करतो. १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. मिलच बिघडलेली असेल तर धान कितीही चांगलं असो, कनकीच पडणार. तसंच कंपायलरमध्ये दोष राहिला, तर त्याच्यावर तयार होणारा कर्नल, शेल आणि प्रत्येक प्रोग्राम संशयास्पद ठरतो. म्हणून पुढे जाण्याआधी कंपायलर तपासायचा असतो.

प्रत्येक 'फेल' सारखंच असतं का?

नाही. जीसीसीच्या चाचण्यांची संख्या लाखांच्या घरात जाते. प्रत्येक चाचणीचा निकाल ठरावीक शब्दांत येतो:

- पास: अपेक्षेप्रमाणे चाललं.
- एक्सफेल: हे फेल होणार, हे आधीच माहीत होतं. काळजी नको.
- अनसपोर्टेड: ही चाचणी तुमच्या मशीनला लागूच नाही.
- एक्सपास: फेल होईल असं वाटलं होतं, पण पास झालं.
- फेल: पास व्हायला हवं होतं, झालं नाही. लक्ष इथे द्यायचं.

थोडेसे 'फेल' असले म्हणजे कंपायलर बिघडला, असं नाही. काही अनपेक्षित फेल टाळता येत नाहीत, हे पुस्तकातही सांगितलेलं आहे. त्यामुळे 'किती फेल झाले' यापेक्षा 'कोणते फेल झाले' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

मग तपास कसा करायचा?

१. चाचण्या पूर्ण होऊ द्या. 'मेक चेक' देताना 'के' हा पर्याय जोडायचा. तो नसेल तर एखाद्या चुकीवर काम मध्येच थांबू शकतं आणि पूर्ण चित्र कळत नाही.

२. सारांश काढा. जीसीसीच्या 'कॉन्ट्रिब' फोल्डरमध्ये 'टेस्ट समरी' नावाची स्क्रिप्ट असते. ती लाखो ओळींमधून कामाच्या तेवढ्या ओळी बाजूला काढते.

३. यादी जुळवून पाहा. लिनक्स फ्रॉम स्क्रॅचच्या साइटवर प्रत्येक आवृत्तीचे बिल्ड लॉग असतात. माहीत असलेल्या फेलची नोंद पुस्तकातही असते. तुमची फेल झालेली नावं तिथे सापडली, तर पुढे जायला हरकत नाही. मात्र आवृत्ती तीच हवी. जीसीसी १३ चा निकाल जीसीसी १४ च्या यादीशी जुळवून उपयोग नाही.

४. वेगळं नाव दिसलं तर लॉग उघडा. 'सम' फाइलमध्ये फक्त निकाल असतो, कारण 'लॉग' फाइलमध्ये सापडतं. ती एकच चाचणी पुन्हा चालवूनही पाहता येते.

नेहमीची कारणं कोणती?

रूट युजर: चाचण्या रूट म्हणून चालवल्या की परवानग्यांशी संबंधित निकाल चुकू शकतात. पुस्तकात त्यासाठी 'टेस्टर' हा वेगळा युजर वापरला आहे.

अपुरा स्टॅक: काही चाचण्यांना नेहमीची स्टॅक मर्यादा पुरत नाही. चाचण्यांआधी 'यूलिमिट' कमांडने ती वाढवायची असते.

हौशी सेटिंग: सिस्टीम वेगवान व्हावी म्हणून काही जण जास्तीचे ऑप्टिमायझेशन पर्याय टाकतात. पहिल्यांदा करताना हा मोह टाळलेला बरा.

अपुरी रॅम: एकाच वेळी खूप कामं सुरू केली की मेमरी संपते आणि लिनक्स स्वतःच एखादं काम मारून टाकतो. तेव्हा स्क्रीनवर 'किल्ड' असा शब्द दिसतो. हा कंपायलरचा दोष नाही. 'जे' पर्यायापुढचा आकडा कमी करा किंवा स्वॅप वाढवा.

वीज गेली, लॅपटॉप तापला तर?

या पुस्तकात वेळ मिनिटांत न मोजता 'एसबीयू' या एककात मोजतात. बिनयुटिल्स हे पॅकेज पहिल्यांदा तयार व्हायला तुमच्या मशीनवर जेवढा वेळ लागतो, तो एक एसबीयू. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये चाचण्यांसह जीसीसीला ४० पेक्षा जास्त एसबीयू लागतात. म्हणजे जुन्या लॅपटॉपवर एखादी रात्र सहज जाते. त्यात वीज गेली आणि मशीन बंद पडलं, तर?

पुन्हा सुरू केल्यावर डेव्ह, प्रॉक, सिस आणि डेव्ह-पीटीएस या व्हर्च्युअल फाइल सिस्टीम परत जोडाव्या लागतात. घाईत हेच राहून जातं. चाचण्या चालवणारं एक्सपेक्ट हे साधन डेव्ह-पीटीएसशिवाय चालत नाही. मग चाचण्या कोसळतात आणि दोष कंपायलरवर जातो. म्हणून वीज येऊन-जाऊन असेल तर आधी हे जोडलंय का ते बघा. तात्पुरती सिस्टीम तयार झाल्यावर तिचा बॅकअपही घ्या. पुस्तकात त्याची पद्धत दिली आहे.

दुसरी अडचण उन्हाची. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. मग एखादी चाचणी ठरलेल्या वेळेत संपत नाही आणि लॉगमध्ये 'टाइम्ड आउट' अशी नोंद पडते. रात्री, पंख्याखाली पुन्हा चालवून पाहा.

इथे एक सोपी खूण उपयोगी पडते. दरवेळी तीच चाचणी फेल होत असेल, तर कारण बहुधा सॉफ्टवेअर किंवा सेटिंगमध्ये आहे. दरवेळी वेगळी फेल होत असेल, तर रॅम किंवा उष्णतेवर संशय घ्या. दोष पुन्हा घडवून पाहता आला नाही, तर तो बहुधा हार्डवेअरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टीमचा असावा, असा संदेश जीसीसीमध्येच लिहून ठेवलेला आहे. रॅम तपासायला 'मेमटेस्ट८६ प्लस' हे मोफत साधन मिळतं.

जीसीसीचा महाराष्ट्राशी काय संबंध?

जीसीसीवर आपल्याकडेही काम झालं आहे. मुंबईच्या आयआयटीमध्ये प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं. जीसीसीचा अवाढव्य कोड विद्यार्थ्यांना आणि इंजिनिअरना समजावा, यासाठी तिथे कार्यशाळा झाल्या. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासोबत खेडकरांनी लिहिलेलं 'डेटा फ्लो ॲनालिसिस' हे पुस्तक २००९ मध्ये आलं. कंपायलर कोडचं विश्लेषण कसं करतो, हा त्याचा विषय.

पुढे कधी जायचं, कधी थांबायचं?

फेल झालेली नावं त्याच आवृत्तीच्या यादीत असतील, तर पुढे जा. एक-दोन वेगळी नावं असतील, तर लॉग वाचून कारण शोधा. शेकड्यांनी फेल असतील, तर थांबा. तेव्हा बहुतेकदा मूळ मांडणीतच काहीतरी चुकलेलं असतं.

शेवटी पुस्तकातली छोटी तपासणी टाळू नका. एका ओळीचा रिकामा प्रोग्राम कंपाइल करायचा आणि तो कोणता डायनॅमिक लोडर मागतो ते 'रीडएल्फ'ने पाहायचं. उत्तर पुस्तकात दिलंय तसंच आलं पाहिजे. वेगळं आलं, तर पुढचं एकही पॅकेज तयार करू नका. आज दुरुस्तीला एक दिवस जाईल, पण पन्नास पॅकेजनंतर चूक कळली तर सगळंच पुन्हा करावं लागेल.